मदत हवी आहे: अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले कृष्णवर्णीयांना बंदी घालणारे कायदे

नमस्कार मंडळी. लेकीला शाळेत ओरेगॉनच्या इतिहासावर प्रकल्प आहे आणि तिच्यासोबत वाचताना मीच गोंधळलोय. 1843 मध्ये तिथल्या हंगामी सरकारने गुलामगिरीवर बंदी घातली, इथवर ठीक. पण 1844 चा कायदा म्हणतो की कृष्णवर्णीयांनी प्रदेश सोडावा, नाहीतर फटके! (फटक्यांचं कलम अंमलात येण्याआधीच काढलं म्हणे.) 1851 मध्ये जेकब व्हँडरपूल या कृष्णवर्णीय रहिवाशाला मात्र खरोखर हाकलून दिलं. 1857 च्या राज्यघटनेवरच्या मतदानात तर कमालच: गुलामगिरी बहुमताने नाकारली आणि कृष्णवर्णीयांना येऊ न देण्याचं कलम त्याहून मोठ्या बहुमताने स्वीकारलं. ते रद्द झालं थेट 1926 मध्ये.

मला अडतंय ते इथे: गुलामगिरीवर बंदी असूनही रॉबिन होम्स या पूर्वी गुलाम असलेल्या कृष्णवर्णीय गृहस्थांना आपली मुलं मालकाकडून सोडवायला कोर्टात जावं लागलं, निकाल 1853 चा. मग या बंदीची अंमलबजावणी करायचं कोण? आणि 1857 च्या त्या दुहेरी मतामागे गोऱ्या वसाहतकऱ्यांना सरकारकडून फुकट मिळणाऱ्या जमिनीचा हिशोब किती होता? कुणी अभ्यास केला असेल तर सोप्या भाषेत सांगाल का? सोमवारी प्रकल्प द्यायचाय.