माघ-फाल्गुनातली घरची भाजीबाग : आपापले अनुभव लिहावेत

माघ सरत आला की घरच्या भाजीबागेत जागेचा प्रश्न उभा राहतो, कारण हिवाळ्यातला पालक, वाटाणा आणि टोमॅटो अजून हाती लागत असतात आणि भेंडी, गवार, काकडी, दुधी यांचे बी तर आताच पडायला हवे. कोणते पीक कधी काढावे याचे उत्तर गावागणिक बदलते, म्हणून सर्वांनी आपल्या बागेतले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

सुरुवात मीच करते. माझी बाग पुण्यात, गच्चीवर आहे. फेब्रुवारीत दिवसा ऊन तापते, रात्री गारवा राहतो आणि वाटाण्याच्या पानांवर पांढरी भुरी चढू लागते. असा वेल वाचवण्याच्या मागे मी लागत नाही. भरलेल्या शेंगा तोडून तो मातीलगत कापते आणि मुळे तशीच ठेवते, कारण त्यांवरच्या गाठींमधले नत्र मुळे कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळते. त्याच जागी रात्रभर भिजवलेले भेंडीचे बी टोकते; मात्र रात्रीची थंडी ओसरल्यावरच, कारण गार मातीत ते कुजते.

रत्नागिरीहून : आमच्या जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही. त्यामुळे परसातला पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) उचलला जाण्याआधीच आम्ही बागेपुरता राखून ठेवतो आणि लाल माठाच्या वाफ्यात व पडवळाच्या आळ्यात चार बोटे जाड पसरतो. दुपारी तो बाजूला सारून बोट खुपसले, तर खाली ओल लागते.

नागपूरहून : आमच्याकडे ऊन फार लवकर चढते आणि मेथी, कोथिंबीर पाहता पाहता तुऱ्यावर येतात. मेथी मी काढून टाकते, पण कोथिंबिरीची काही झाडे वालाशेजारी मुद्दाम फुलू देते. याच दिवसांत वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा गर्दी करतो आणि कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर येणारे ढालकिडे तिथे अंडी घालतात. त्यांच्या अळ्या ढालकिड्यासारख्या मुळीच दिसत नाहीत : लांबट, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके. कीड समजून लोक त्या चिरडतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण मावा खाण्यात त्या मोठ्या ढालकिड्यापेक्षा कमी नसतात. त्या दिसल्या की मी निंबोळी अर्कही फवारत नाही. पुढे धने मिळतात, ते वेगळेच.

इंग्लंडमधून, लेस्टरहून : पुण्यात जो वाटाणा काढण्याची वेळ येते, तो आम्ही मार्चमध्ये पेरतो. टोमॅटो आणि मिरचीची रोपे घरातच खिडकीपाशी वाढवावी लागतात आणि दहिवराचे भय मे महिन्याच्या मध्यापर्यंत असल्याने त्याआधी ती बाहेर लावता येत नाहीत.

सांगलीहून : जानेवारीअखेरीस लावलेल्या दुधीला मार्चमध्ये फुले येतात. सुरुवातीची बहुतेक नर असतात, ती गळली तरी चिंता करू नये. मादी फुलाच्या देठाशी बोटभर लव असलेला दुधी आधीपासूनच दिसतो. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांच्या भरवशावर राहता येत नाही. दिवेलागणीला ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मी मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवतो. फळ धरले असेल, तर देठ काही दिवसांतच खाली वळून जाड होऊ लागतो. नाहीतर ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते.