मदत हवी आहे: वाचनालयाच्या फळ्यावर १७५२ पूर्वीच्या घटनांची तारीख कोणती लिहावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाबाहेर फळा आहे. त्यावर रोज सकाळी चार ओळी लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं: एक दिनविशेष, एखादी म्हण किंवा मागे पडलेला शब्द, आणि सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न. जाता-येता सगळेच वाचतात. पण अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं तो मजकूर वहीत उतरवून घेतात, त्यामुळे एकेक आकडा पारखून लिहावा लागतो.

म्हणी आणि अलीकडचे दिनविशेष यांचं निभतं. २७ फेब्रुवारी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन मात्र १ मे. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन. घोडं अडतं ते शिवकाळाशी.

अभ्यासिकेतल्या एका मुलीने मोबाइलच्या गणकात शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख घातली. वार आला मंगळवार. मग ती मला विचारायला आली, "काका, जेधे शकावलीत तर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार आहे. मग खरं काय?"

प्रश्न फार चांगला होता. (जेधे शकावली म्हणजे जेधे घराण्याकडची शिवकाळातल्या घटनांची तिथीवार यादी.) शकावली बरोबर आहे आणि १९ फेब्रुवारीही बरोबर आहे, फक्त ती ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची तारीख आहे. मोबाइल आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ताणत नेतो. त्या हिशेबाने महाराजांचा जन्म १ मार्च १६३० चा येतो, आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. तिथी एक, वार एक, तारखा मात्र दोन. राज्याभिषेकाचंही तसंच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे ज्युलियन ६ जून १६७४, ग्रेगोरियन १६ जून. सोहळ्याला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन याच्या नोंदी जुन्या इंग्रजी पद्धतीच्या, म्हणजे ज्युलियनच.

गुंता पुढे वाढतो. पोर्तुगिजांनी १५८२ पासूनच ग्रेगोरियन पद्धत धरली होती, इंग्रजांनी थेट १७५२ मध्ये, जेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे मधली दीडशेहून अधिक वर्षं एकाच घटनेबद्दल इंग्रजांच्या पत्रावर एक तारीख आणि पोर्तुगिजांच्या पत्रावर दुसरी. सतराव्या शतकात हा फरक १० दिवसांचा. १७०० हे वर्ष ज्युलियनमध्ये लीप होतं, ग्रेगोरियनमध्ये नव्हतं, म्हणून त्यापुढे ११ दिवसांचा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेची इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदपत्रं शेजारी ठेवली की हे हमखास आडवं येतं.

शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण इंग्रजांच्या लेखी ते अजून १६६३ च. आपल्या जुन्या मराठी कागदांत सुहूर सन ही कालगणना असते ती वेगळीच, तीही अरबी अंकशब्दांत: 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार, एकूण १०७५. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृगानंतरच्या महिन्यांसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. १०७५ मध्ये ५९९ मिळवले की आले १६७४. हे मुलांना इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर सामान्य ज्ञानाच्या जागी सुहूर सनाचीच उदाहरणं द्यावी लागली!

आता माझी अडचण. रूढ तारीख बदलून १६ जून लिहिणं मला पटत नाही. शासन, शाळा, परीक्षा सगळीकडे ६ जून आहे आणि शिवकाळाचे अभ्यासकही बहुधा ज्युलियनच वापरतात. पण नुसती ६ जून लिहून वर 'आज इतकी वर्षं पूर्ण झाली' म्हणणंही खटकतं. सध्या मी तिथी, शक, वार आणि कंसात 'ज्युलियन' असं लिहितो. चार ओळींतली दीड ओळ त्यातच जाते.

जाणकारांनी कृपया सांगावं:

तुमच्या शाळेत किंवा वाचनालयात हे कसं लिहितात? थोडक्यात लिहायची काही खूण रूढ आहे का?

खरे जंत्री आणि मोडक जंत्री (तिथी आणि तारखांचा मेळ दाखवणारी कोष्टकांची पुस्तकं) आमच्याकडे नाहीत. त्या विकत कुठे मिळतील? तिथी घातली की ज्युलियन आणि ग्रेगोरियन दोन्ही तारखा दाखवणारं भरवशाचं एखादं संकेतस्थळ कुणी स्वतः वापरून पाहिलं आहे का? अधिक महिन्यात ते चुकत नाही ना, हेही सांगा.

आणि गोव्याच्या सभासदांना खास विनंती. पोर्तुगीज कागदांवरून मराठीत आलेल्या मजकुरात तारीख मूळचीच ठेवतात की ज्युलियन करून घेतात? संभाजी महाराजांच्या १६८३ च्या गोव्याच्या स्वारीवर सलग काही दिवस लिहायचा विचार आहे. त्याआधी एवढं कळलं तर फार बरं होईल.