दुकानातील जेवणाची सुट्टी, स्वच्छतागृह आणि सिगारेटसाठी बाहेर जाणे: कायद्याने नेमके काय मिळते?

प्रश्न (मे २०२४)

मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील एका साड्यांच्या दुकानात विक्रेती आहे. आम्ही चौदा जण कामाला असून वेळ सकाळी १० ते रात्री ८:३० आहे. जेवणासाठी अर्धा तास मिळतो. परंतु लग्नसराईत गिऱ्हाईक आले की डबा तसाच झाकून काउंटरवर यावे लागते आणि राहिलेला वेळ नंतर मिळत नाही. गेल्या महिन्यापासून स्वच्छतागृहाला जाताना वहीत वेळ लिहावी लागते आणि पाच मिनिटांहून अधिक लागल्यास पगार कापला जाईल, असे सांगण्यात आले आहे. काही पुरुष सहकारी मात्र दिवसातून तीन-चार वेळा सिगारेटसाठी खाली टपरीवर जातात, त्याची नोंद कुठेही होत नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, पण आमच्या वाट्याला नेमकी किती विश्रांती येते, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

ताई, मे २०२४ मधील नियमांप्रमाणे, आपल्या दुकानात दहापेक्षा अधिक कामगार असल्यामुळे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आपल्याला पूर्णपणे लागू होता (२०२५ मध्ये हे नियम बदलले). त्यानुसार तेव्हा प्रौढ कामगाराकडून दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नव्हते, सलग पाच तासांहून अधिक काम घ्यायचे तर मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागत होती, आणि सुट्टी धरून कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण वेळ एरवी साडेदहा तासांच्या पुढे जाऊ देता येत नव्हता. आता आपले तास मांडून पाहा. १० ते ८:३० म्हणजे बरोबर साडेदहा तास. त्यातून अर्धा तास वजा केला तरी दहा तास काम उरते, म्हणजे त्या नियमाने रोज एक तास जादा काम होते आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा. आपण विचारले नव्हते, तरी मला ही बाब जेवणाच्या सुट्टीइतकीच गंभीर वाटते.

ज्या अर्ध्या तासात हाक मारताच उठावे लागते, तो वेळ विश्रांतीचा धरता येणार नाही. दुकान बंद ठेवता येत नसेल, तर मालकाने आळीपाळीने जेवायला सोडावे. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी पुरवणे ही कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे; जी सोय देणे बंधनकारक आहे, ती वापरली म्हणून पगार कापणे माझ्या मते अजिबात टिकणार नाही.

प्रतिसाद २

मी भोसरीच्या एका कारखान्यात पाळीप्रमुख आहे. आमच्याकडे २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी त्यातही होती. सिगारेटसाठी वेगळी सुट्टी मागण्याचा हक्क मात्र यांपैकी कोणताही कायदा देत नाही. उलट २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालील नियमांनी २ ऑक्टोबर २००८ पासून कामाच्या ठिकाणीही धूम्रपानास बंदी असून त्यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवर जाऊ देणे ही मालकाने दिलेली सवलत आहे, आणि सवलत द्यायचीच तर ती सर्वांना सारखी असावी. आम्ही सकाळी व दुपारी दहा-दहा मिनिटे चहासाठी ठरवून दिली आहेत. त्यात कोणी चहा घेतो, कोणी सिगारेट ओढतो, कोणी नुसते बसून राहतो. त्यामुळे कोण किती वेळा बाहेर गेले, यावरून होणारी कुरबुर थांबली.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. माझी नणंद कोथरूडला औषधांच्या दुकानात काम करते, तिथे सहाच जण आहेत. तिलाही हेच लागू होईल का?

प्रतिसाद १

दुर्दैवाने नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना २०१७ च्या कायद्यातील कामाच्या तासांच्या तरतुदी लागू होत नाहीत, आणि पुण्यातली असंख्य लहान दुकाने त्यामुळे बाहेर राहतात. ही या कायद्यातील मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ३

दिवसभर उभे राहण्याचा प्रश्न कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकाने कायद्यांत बदल करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. आपल्याकडेही ही मागणी जोराने व्हायला हवी. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी ही मागणी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने सरकारपुढे मांडली होती, म्हणजे आपण मागत आहात ते काही नवे नाही.

ताई, एकटीने बोलण्याऐवजी चौघी-पाचजणींनी मिळून सहीचा अर्ज मालकांना द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. जेवायला कधी बसलात आणि कधी उठावे लागले, हे रोज तारखेसह स्वतःच्या वहीत लिहीत चला. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर अर्जाची प्रत आणि ती वही घेऊन पुण्यातील कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी.