अनुभव धागा: सोलापूरच्या सपाटीवर वळणाचे रस्ते कसे शोधायचे?

सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजापूर, मंगळवेढा, तुळजापूर यांपैकी कुठेही निघा, चाकाखाली चौपदरी येते. सामान न्यायला उत्तम, मोटरसायकल चालवायला कंटाळवाणी. भीमा-सीनेचं खोरं सपाट आहे, त्यामुळे रस्त्याला वळायला कारणच मिळत नाही. दर रविवारी सह्याद्री गाठणंही शक्य नाही. म्हणून हा धागा. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या फेरीत बसतील असे रस्ते, ते शोधायची पद्धत, ऋतू, टायर, धोके, जे पक्कं माहीत असेल ते लिहा. 'मस्त रोड आहे' एवढंच नको. कुठून कुठे, पृष्ठभाग कसा, कधी जायचं आणि कधी टाळायचं, हे हवं.

बालाघाटकर

आधी जमीन समजून घ्या, मग रस्ता आपोआप सापडतो. आपल्या भागात रस्त्याला वळण देणाऱ्या दोनच गोष्टी आहेत: बालाघाटाचा कडा आणि नदीचा काठ. बालाघाटाची कड बार्शी तालुक्याच्या पूर्वेकडून येडशी, धाराशिव, तुळजापूर अशी खाली येते. सोलापूरची उंची साधारण साडेचारशे मीटर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. हा दोनशे मीटरचा फरक रस्ता जिथे जिथे चढतो, तिथे वळणं आहेतच. तेव्हा 'कुठल्या गावाला जायचं' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'कडा कुठे ओलांडायचा' हे आधी ठरवा आणि एका फेरीत तो दोनदा ओलांडा.

पहिली फेरी: सोलापूर, मार्डी, नान्नज, वैराग, बार्शी, पांगरी, येडशी, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर. सुमारे 190 किमी. दिशा हीच ठेवा. उलटं गेलात तर सकाळी तुळजापूरकडे जाताना सूर्य समोरून डोळ्यांत येतो, तोही नेमका घाट चढताना. बार्शीमार्गे गेलात की तो उजव्या अंगाला राहतो. पांगरीपासून येडशीपर्यंतचा टप्पा हा फेरीचा गाभा. रामलिंगच्या अभयारण्याला लागून रस्ता चढतो आणि पावसाळ्यात दोन्ही बाजू हिरव्या असतात. रामलिंगला माकडं भरपूर आहेत. टँकबॅग आणि खाण्याची पिशवी गाडीवर सोडून देवळाकडे उतरू नका.

येडशी ते तुळजापूर पुन्हा चौपदरी आहे. ती मुकाट्याने संपवायची. वेळ असेल तर धाराशिवच्या लेण्यांकडे वळून या, गावापासून आठेक किलोमीटर आहेत.

दुसरी फेरी छोटी, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास: सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग, सोलापूर. तुळजापूर ते नळदुर्ग साधारण 32 किमी पठारावरून जातात. तीव्र वळणं नाहीत, लांब पसरट चढउतार आहेत, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये लयीत चालवायचा रस्ता. बोरी नदीला भरपूर पाणी असेल तेव्हा नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणी महालावरचे नर-मादी धबधबे वाहतात, त्या दिवसांत गर्दी धरूनच चाला. निघण्याआधी या पट्ट्यात रुंदीकरणाचं काम चालू आहे का ते विचारून घ्या. काम चालू असेल तर खडी पसरलेली असते आणि वळसा मातीतून असतो.

नकाशेवाला

बालाघाटकरांचं सूत्र बरोबर. ते नकाशावर उतरवायचं असं:

गूगल मॅप्समध्ये आधी 'टेरेन' थर लावा. समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा जिथे एकमेकींजवळ आल्यात आणि त्यांना आडवा रस्ता जातोय, तिथे खूण करा. मग 'महामार्ग टाळा' हा पर्याय चालू करून दोन खुणांमधला रस्ता काढा. तरीही ते तुम्हाला मोठ्या रस्त्यावर ढकलतंच, म्हणून मधल्या गावांचे थांबे हाताने घाला. शेवटी उपग्रह थर लावून पूर्ण मोठं करा. डांबर गडद राखाडी दिसतं, मुरूम तांबूस-पिवळसर, सिमेंट पांढरट. रस्त्याचा रंग मध्येच बदलला तर डांबर तिथे संपलंय असं धरा. पण चित्र जुनं असू शकतं, म्हणून त्या गावातल्या कुणाला फोन करणं हाच शेवटचा पुरावा.

फोनवर ओएसएमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये राज्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. कड्याखाली रेंज जाते.

रस्त्यावर असताना किलोमीटरचे दगड वाचा. माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा तर जिल्ह्याचा, केशरी तर ग्रामसडक. आपल्याला हवे ते हिरवे आणि जिल्ह्याचे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, तो थांबून वाचावा. लांबी, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पुढची पाच वर्षं देखभाल कुणाकडे, हे सगळं त्यावर असतं. पाच वर्षांच्या आतला रस्ता बहुतेकदा चांगला सापडतो. मुदत उलटून गेली असेल तर खड्डे धरूनच निघायचं.

शेतरस्ता

त्या ग्रामसडकेची रुंदी साधारण 3.75 मीटर असते हे विसरू नका. समोरून एसटी किंवा ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एकाला खाली उतरावं लागतं आणि ते आपणच. खरा धोका साइडपट्टीचा. डांबराचे थर चढत जातात, बाजूला मुरूम भरला जात नाही, मग कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. तिच्यावरून तिरकं उतरलात तर पुढचं चाक पायरीला घासत राहतं आणि परत वर येताना गाडी लोळते. लांबूनच वेग कमी करा, डांबरावर एका कडेला पूर्ण थांबा, समोरच्याला जाऊ द्या. उतरावंच लागलं तर वेग अगदी कमी करून, शक्य तितक्या काटकोनात उतरा आणि तसंच वर या.

आता जमिनीचा प्रकार. मंगळवेढा, मोहोळ, मंद्रूप या बाजूंना काळी. काळी पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते, म्हणून तिच्यावरचं डांबर लाटांसारखं होतं आणि उन्हाळ्यात कडेने लांबच लांब भेगा पडतात. भेग चाकाच्या दिशेत असेल तर पुढचा टायर तिच्यात धरला जातो. ती मनगट घट्ट करून नाही, तिरकी ओलांडायची. पावसात काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर जाऊच नये. चिखल मडगार्डमध्ये इतका दाबून बसतो की चाक फिरायचं थांबतं, मग काठीने उकरत बसा. नान्नज, बार्शीकडे आणि कड्यावर हलकी, मुरमाड जमीन सापडते. पाणी लगेच निचरतं, अर्ध्या दिवसात रस्ता चालता होतो. म्हणून नियम साधा: पावसात मुरमाकडे, काळीकडे डिसेंबर ते मे.

भीमाकाठ

नदीचा काठ कुणी लिहिला नाही म्हणून. काठावर घाट नाही, पण गावागावांना जोडणारे रस्ते ओढ्यांना वळसे घालत जातात, त्यामुळे छोटी वळणं सतत मिळतात. दोन ठिकाणं: हत्तरसंग कुडल, जिथे सीना भीमेला मिळते. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी शके 940 चा तो इथलाच. दुसरं मंगळवेढा रस्त्यावर बेगमपूरजवळचं माचणूर, भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला. दोन्हीकडे महामार्ग अर्ध्यातच सोडा आणि उरलेलं अंतर गावातून जा. वेग चाळीसच्या वर जाणार नाही, जायलाही नको. हुरड्याच्या दिवसांत या बाजूला गेलात तर परतायची घाई ठेवू नका.

ओढ्यावरचे पूल बुटके आहेत. उजनीतून पाणी सोडल्याची बातमी असेल किंवा वर पाऊस झाला असेल तर पुलावरून पाणी जातं. गुडघ्याएवढं पाणीसुद्धा गाडी वाहून नेतं आणि पाण्याखाली कठडा आहे की तुटलाय ते दिसत नाही. परत फिरा.

ऊसपट्टा

ऋतूंचा हिशेब जोडतो.

गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि पुढे तीन-चार महिने चालतो. पंढरपूर, मोहोळ, माळशिरस, अक्कलकोट, सगळीकडे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेला. अंधारात या भागात गाडी चालवू नका, बास. दिवसाही ट्रॉलीमागे चिकटू नका, मोळी सुटते. वळणावर सांडलेला ऊस चिरडला की रसाने डांबर निसरडं होतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी आणि तूर रस्त्यावरच पसरून मळतात. कडब्यावरून ब्रेक लावला की चाक घसरतं आणि कोरडा पाला तापलेल्या सायलेन्सरला अडकून पेट घेऊ शकतो. सरळ, कमी वेगात, ब्रेक न दाबता जा. पुढे थांबून गाडीखाली वाकून बघा.

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरचे सगळे रस्ते, नवरात्र ते कोजागरी तुळजापूर रस्ता: हे दिवस चालणाऱ्यांचे आहेत. कोजागरीला तर सोलापूर-तुळजापूर वाहनांना बंदच करतात. तेव्हा गाडी दुसरीकडे वळवावी.

जुनी आरएक्स

टायरबद्दल. सतत सरळ महामार्ग चालला की मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो. मग घाटात गाडी कलवताना त्या चपट्या भागाची कड लागते, गाडी आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. लोक हँडलचा बॉलरेसर (बेअरिंग) बदलतात, दोष टायरमध्ये असतो. टायरवर आडवी पट्टी धरून बघा. मधला भाग सपाट बसत असेल तर नक्षी शिल्लक असूनही तो टायर वळणांसाठी संपलाय.

हवा घरातून निघताना, टायर थंड असताना भरा. आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दीड ते दोन पीएसआय वाढतात. म्हणून दुपारी पंपावर मोजून 'जास्त झाली' म्हणत हवा काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी तीच कमी भरेल. मुरमावर मोठा पल्ला असेल तर चारेक पीएसआय कमी चालतील. ट्यूबचा टायर असेल तर त्याहून खाली नको, दगडावर रिम दाबून ट्यूब चिमटते.

वेडी बाभूळ छाटल्यावर काटे रस्त्यावरच पडतात. ट्यूबलेसला प्लगचं किट: काटा जिथून शिरला त्या जागी खूण करा, काटा काढा, त्याच कोनात कानशीची सळई आठ-दहा वेळा फिरवा, सुईत ओवलेली, सोल्युशन लावलेली रबरी वात अर्धी आत ढकला, सुई झटक्यात ओढा, बाहेरची वात पाचेक मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा. ट्यूब असेल तर जादा ट्यूब, दोन लिव्हर, ॲक्सलचा पाना. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे जुन्या कापडाने पुसा. बाभळीचं टोक आत मोडून राहतं आणि नवी ट्यूबही फोडतं.

शिंगणापूर

एक दिवस जास्तीचा काढू शकत असाल तर शिखर शिंगणापूर. पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, मग डावीकडे शिंगणापूर. एका बाजूने दीडशेच्या पुढे जातं. नातेपुत्यापर्यंत पालखी मार्ग, चौपदरी. त्यात राम नाही, पण शेवटचे वीसेक किलोमीटर शंभू महादेवाच्या डोंगरात चढतात आणि त्या वीस किलोमीटरांसाठी बाकीचं सोसावं असं माझं ठाम मत आहे. परत येताना तोच रस्ता धरू नका. म्हसवड, पिलीव, पंढरपूर असे या. पिलीवला छोटा घाट आहे. चैत्र यात्रेत जाऊ नका.

उत्तरेकडे जायचं तर बार्शी, भूम, खर्डा, जामखेड आणि पुढे सौताड्याचा धबधबा. 1795 च्या लढाईचं तेच खर्डा, किल्ला बघण्यासारखा आहे. ही फेरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, एरवी धबधबा कोरडा.

बालाघाटकर

एकाने विचारलंय, घाटात नेमकं काय चुकतं? तुळजापूर घाटापुरतं सांगतो, बाकीकडे तेच लागू. चढणाऱ्या ट्रकच्या भरलेल्या टाकीतून वळणावर डिझेल सांडतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यी चकाकी दिसली किंवा वास आला तर वळण सुरू होण्याआधीच वेग उतरवा, वळणात ब्रेक नको. मोठ्या पावसानंतर डोंगराच्या अंगाने मुरूम वाहून आतल्या कडेला पसरतो, म्हणून डावं वळण फार आत कापू नका. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरा. मागचा ब्रेक धरून ठेवला तर तापून ढिला पडतो.

होटगी रोड

उन्हाळ्याचं काय? एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो.

जुनी आरएक्स

पहाटे साडेपाचला निघून साडेनऊपर्यंत घरी. नळदुर्गची फेरी यात बसते, बार्शीची नाही. हवा अंगापेक्षा गरम झाली की जाळीच्या जॅकेटमधून येणारा वारा थंड करत नाही, तापवतो. तेव्हा आतला सुती शर्ट भिजवा आणि जॅकेटची निम्मी छिद्रं बंद करा, ओल जास्त वेळ टिकते. आपली हवा कोरडी आहे म्हणून हा उपाय इथे चांगला लागू पडतो, कोकणात पडणार नाही. गळ्याला ओला सोलापुरी टॉवेल, दर तीस-चाळीस किलोमीटरला पुन्हा भिजवायचा. टोकं जॅकेटच्या आत खोचा, मोकळी सोडू नका, मागच्या चाकात जातात. पाणी माणशी तीन लिटर, त्यात एका बाटलीत मीठ-साखर.

शेतरस्ता

आणि नान्नजच्या पट्ट्यात पहाटे जात असाल तर वेग पन्नासच्या आत. माळढोक अभयारण्याचा माळ आहे, काळवीट रस्ता ओलांडतात. एक गेलं की मागून कळप येतो, म्हणून पहिलं पार झालं तरी थांबून राहा. धनगरांच्या मेंढ्या आल्या तर इंजिन बंद करा, हॉर्न वाजवू नका. मेंढका वाट करून देतो.