आधी कुंडीत काय लावलंय ते बघा
मांजराने कुंडीतल्या झाडांकडे फिरकू नये म्हणून मातीवर मिरपूड टाकायचा उपाय मला पटत नाही. वास उडाला की स्वारी परत हजर! त्यापेक्षा कुंडीत काय आहे ते आधी बघा. मनीप्लांट चावलं तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. लिली मात्र घरात अजिबात नको. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. असं झालं तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा. स्पायडर प्लांट विषारी नाही. आणि पानं चघळायची हौस मांजरांना असतेच, म्हणून पसरट कुंडीत गहू पेरा. आमची माऊ मान तिरकी करून दाढेखाली पातं धरते आणि कचाकचा चावते. पाती बोटभर वाढली की पुढ्यात ठेवायची, पिवळी पडली की नवे गहू पेरायचे.