सल्ला हवा: स्नेहसंमेलनात नाताळची गाणी बसवायचीत (लातूर, गळकी पेटी, बावीस पोरं)

मांजराकाठची · १० डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूरजवळच्या एका शाळेत संगीत शिकवते. २३ तारखेला स्नेहसंमेलन आहे आणि मुख्याध्यापकांच्या मनात आलंय की त्यात दहा मिनिटं नाताळची गाणी हवीत, तीही मुलांनी स्वतः गायलेली. याला कारण मागचं वर्ष. तेव्हा ‘जिंगल बेल्स’ लावून चौथीच्या पोरांना लाल टोप्या घालून नाचवलं होतं. साऊंडवाल्यानं मधेच पेनड्राईव्ह बदलला आणि सांताक्लॉजच्या टोप्यांवर दीड मिनिट लावणी झाली. पालकांनी वन्समोअर दिला, ते सोडा.

हाताशी काय आहे ते सांगते. एक पेटी, भाता गळका. तबला, ढोलकी, टाळांचे चार जोड. पाचवी ते सातवीची बावीस मुलं, त्यातली सहा-सात पक्क्या सुरात, बाकीची उत्साहात. पियानो-गिटार काही नाही. इंग्रजीची बोंब आहे, पण पाठ करतील.

कोणती गाणी घेऊ? मराठीत काही चांगलं आहे का? आणि मला स्वतःला या निमित्तानं ऐकायला काही सुचवा. माझी मजल जिंगल बेल्सच्या पुढं गेलेली नाही.

हडकोतला_पेटीवाला · १० डिसेंबर, रात्री १०:२५

ताई, लावणी वाचून हसू आवरेना, बायको विचारायली काय झालं म्हणून.

पहिलं गाणं ‘सायलेंट नाइट’ घ्या. हे गाणं जन्मापासूनच गरिबीतलं आहे. २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा साथीला फक्त एक गिटार होती. शब्द योसेफ मोर नावाच्या तरुण पाद्र्याचे. चाल फ्रान्झ ग्रुबरची, आणि हा ग्रुबर शेजारच्या गावचा शाळामास्तर, म्हणजे तुमच्याच जातकुळीतला. तिथल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घेतली अशी एक गोष्ट सगळीकडं सांगतात. ती मागाहून रचलेली आहे, तिला आधार नाही. पण तुमच्या पेटीकडं बघता निवेदनात वापरायला हरकत नाही.

चाल शुद्ध स्वरांची आहे: प ध प ग, प ध प ग, रें रें नि, सां सां प. सहा मात्रांत चपखल बसते, दादरा धरा. मात्र तबलजीला सांगून ठेवा की ही अंगाई आहे, डग्ग्यावर नुसता तळवा ठेवायचा. एक खड्डा आहे. शेवटच्या ओळीत चाल तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढते आणि मग उतरत शेवटी मध्य षड्जावर येते. पांढरी एकला (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरून) लावलंत तर पोरं तिथं किंचाळणार. खालच्या सप्तकातली काळी पाच षड्ज धरा, मग सगळी पोचतील.

दुसरं ‘जॉय टू द वर्ल्ड’. याची पहिली ओळ म्हणजे अख्खा अवरोह आहे: सां नि ध प म ग रे सा. एकही स्वर गाळलेला नाही! अलंकार घोकलेल्या मुलाला नवीन काही शिकवायचंच नाही, फक्त वजन सांगायचं. गाणं सगळं एका सप्तकात बसतं, पांढरी दोनला बिनधास्त लावा. शेवटाकडं एकच ओळ पुन्हापुन्हा येते, तिथं मुलांचे दोन गट करून सवाल-जवाब करा. शब्द आयझॅक वॉट्सचे, १७१९ चे, बायबलातल्या ९८ व्या स्तोत्रावरून घेतलेले. गंमत अशी की नाताळचं म्हणून जगभर गाजलेल्या या गाण्यात ना गोठा आहे, ना तारा, ना मेंढपाळ.

वेळ उरला तर ‘डेक द हॉल्स’. प म ग रे सा रे ग सा, चाल वेल्स देशातली जुनी. ‘फा ला ला’ म्हणायला उत्साही मुलांना सोडा, तिथं इंग्रजी लागत नाही.

बिनकामाचा_वाचक · १० डिसेंबर, रात्री ११:०२

मार्गशीर्ष चालू आहे. दत्ताचे अभंग बसवा की सरळ. हे कशाला?

मांजराकाठची · ११ डिसेंबर, सकाळी ७:१५

@बिनकामाचा_वाचक दत्ताचे आहेत, शाहिरी पोवाडाही आहे, दिंडी तर आहेच. दहा मिनिटांचा प्रश्न आहे हो.

@पेटीवाला सर, काळी पाच काल रात्रीच लावून बघितली. जमतंय! पण जिंगल बेल्स पूर्ण काढलं तर मुलं रुसतील.

हडकोतला_पेटीवाला · ११ डिसेंबर, सकाळी ८:३०

काढू नका. ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग, ताल केरवा. ते १८५७ चं अमेरिकेतलं, बर्फावरून घोड्याची गाडी पळवायचं गाणं आहे. नाताळचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. बेल म्हणजे घोड्याच्या गळ्यातले घुंगरू. आता सांगा, पोळ्याला काढलेल्या घुंगरमाळा किती घरांत टांगलेल्या असतील? चार पोरांना बैलाच्या माळा आणायला सांगा.

जालन्याची_मावशी · ११ डिसेंबर, दुपारी २:१०

पेटीवाले दादा बरोबर सांगायलेत, पण मराठीचा प्रश्न तसाच राहिला म्हणून लिहिते.

आम्ही चार पिढ्या जालन्याचे ख्रिस्ती. माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची. गावाजवळचं बेथेल रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलं, तिथल्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. नाताळच्या आधी आठवडाभर तरुण संघाची पोरं रात्री कॅरल (नाताळची गाणी) घेऊन घरोघर फिरतात. ढोलक, झांजा, खंजिरी, कुणाकडं असलीच तर गिटार. रात्री दोनला दार वाजतं. थंडी अशी की दात वाजतात. आपण गोधडी गुंडाळून दारात उभं राहायचं, दोन गाणी ऐकायची, पाळकसाहेब प्रार्थना करतात, मग चहा. ताटात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. फराळ तोच, दिवाळीऐवजी डिसेंबरात. लहानपणी मला वाटायचं कॅरल म्हणजे ढोलकवरच असतं. मुंबईला एका मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगते, झोप आली.

ताई, सायलेंट नाइटचं मराठी स्वतः करायला जाऊ नका. मराठीत ते आहे, आमच्याकडं गातात. पण इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवले की लांब अक्षर आखूड होतं, आखूड अक्षर ओढावं लागतं आणि मुलांना अर्थ लागत नाही. ते इंग्रजीतच गाऊ द्या. मराठीसाठी मराठी चालीचं पद घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हेच ओळखलं होतं. अभंग, ओवी, भजनाची चाल, सगळं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाईंचे यजमान म्हटलं की तुम्हाला लगेच लागेल. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात त्यांची पदं आहेत. माझ्या प्रतीत नुसते शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल गळ्यातून गळ्यात आलेली. मी एक पद निवडून, गाऊन तुम्हाला निरोपातून पाठवते. आवाज बसलाय माझा, पण चाल कळेल. तुमचे टाळ तिथं वापरा, जिंगल बेल्सला नको.

रात्रपाळीची_लाईट · ११ डिसेंबर, रात्री ११:५०

परभणी जिल्हा. हरभऱ्याला पाणी द्यायला बांधावर बसलोय, या आठवड्यात लाईट रात्रीची. मोटर सुरू केली की चार तास काही काम नसतं, शेकोटी आणि मोबाईल. तीन वर्षांपासून डिसेंबरात हेच ऐकायलो, म्हणून ऐकायच्या प्रश्नाचं मी सांगतो.

२४ तारखेला रात्री साडेआठला मोबाईलवर बीबीसी लावा. तिकडं दुपारचे तीन वाजलेले असतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशी बायबलातली नऊ वाचनं आणि मधे गाणी असा कार्यक्रम होतो, १९२८ ला तो पहिल्यांदा रेडिओवर आला. सुरुवातीला साथ नाही, वाद्य नाही, एकटा पोरगा ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’चं पहिलं कडवं म्हणतो. कोणता पोरगा म्हणणार हे अगदी ऐन वेळी ठरवतात, म्हणजे आधीपासून घाबरायला वेळच मिळत नाही. ताई, ही युक्ती तुमच्या सहा-सात जणांवर करून बघा. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोटर बंद करून आलो होतो. दंडातलं पाणी थांबलं, शेजारचा ओरडला, पण मोटरीच्या घरघरीत ते ऐकणं बरं वाटेना.

दुसरं ‘कॅरल ऑफ द बेल्स’. हे मुळात युक्रेनचं, मिकोला लेओंतोविचनं बांधलेलं, १९१६ मध्ये कीवमध्ये गायलं गेलं. मूळ शब्द नाताळचे नाहीतच. एक पाकोळी घरात येते आणि धन्याला म्हणते, बाहेर ये, गोठ्यात बघ, यंदा बरकत आहे. नवीन वर्षाचं गाणं. घंटांचे इंग्रजी शब्द १९३६ चे. माझ्यासारख्याला पाकोळीचंच जास्त कळतं. चारच सूर फिरत राहतात, पेटीवाले सर सांगतील कोणते.

हलकंफुलकं पाहिजे तर हॅरी बेलाफोंटेचं ‘मेरीज बॉय चाइल्ड’, १९५६ चं. बोनी एमनं १९७८ ला केलेलं जास्त वाजतं, पण ते मला जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटतं. ‘व्हाइट ख्रिसमस’ सगळे सांगतील. मला आवडत नाही. बर्फाची आठवण काढत रडायचं गाणं आहे, आपल्याला काय आठवणार? दहिवर पडलं तरी हरभऱ्याची काळजी.

हडकोतला_पेटीवाला · १२ डिसेंबर, सकाळी ९:०५

कोमल गंधार, रिषभ, पुन्हा गंधार, षड्ज. ग॒ रे ग॒ सा. एवढंच, पण त्याच्यावर बाकीचे आवाज असे रचलेत की पोरांकडून बसवायला सहा महिने लागतील. ऐकाच फक्त.

आणि हँडलचं ‘हालेलुया’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, दणकेबाज आहे, पण ते नाताळच्या भागातलं नाही. ‘मसाया’ हा मोठा संगीतप्रबंध आहे, पहिल्यांदा झाला १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये, आणि हालेलुया येतं दुसऱ्या भागाच्या शेवटी. येशूचा जन्म पहिल्याच भागात उरकलेला असतो.

जालन्याची_मावशी · १२ डिसेंबर, सकाळी १०:४०

दादा, आमच्याकडं नाताळलाही गातात आणि ईस्टरलाही. आनंदाला भाग पहिला-दुसरा नसतो.

हडकोतला_पेटीवाला · १२ डिसेंबर, सकाळी १०:५२

बरं बाई.

गुलमंडीचा_गप्पिष्ट · १२ डिसेंबर, दुपारी १:२०

एकच सल्ला. पेनड्राईव्हवाल्याला या दहा मिनिटांत चहाला पाठवा.

मांजराकाठची · २४ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

झालं एकदाचं. सविस्तर लिहायचं म्हणून आज वेळ काढला.

सायलेंट नाइट काळी पाचला. सुरुवात एकट्या मुलानं करायची ठरवली आणि परभणीच्या दादांचं ऐकून नाव पडदा उघडताना सांगितलं. सहावीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड उघडत नाही. सुंदर गायली. दुसऱ्या कडव्यात बाकीची आली तेव्हा सूर अर्ध्यानं खाली घसरला, पण सगळे मिळून घसरले म्हणून कळलं नाही. तबलजी गुणी निघाला. ढोलकीवाला नाही. त्याचे वडील भजनी मंडळात वाजवतात, त्याला शेवट मोकळा सोडवेना. शेवटच्या ओळीवर त्यानं तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आला. सायलेंट नाइटवर. सम मात्र अचूक गाठली.

जॉय टू द वर्ल्डचा अवरोह झकास झाला, सवाल-जवाबात मुलं एकमेकांवर ओरडली, ते चालायचंच. जिंगल बेल्सला अकरा घुंगरमाळा आल्या. मी चार सांगितल्या होत्या. त्या गोंगाटात पेटी वाजली काय, नाही काय.

आणि मावशी, तुमचं पद. त्याला सगळ्यात कमी तालीम लागली, दोन दिवसांत पाठ. टाळ सुरू झाले तशी मागं बसलेल्या बायाबापड्यांनी टाळ्या धरल्या. कार्यक्रम संपल्यावर एका मुलाची आजी मला गाठून विचारते, “कोण्या म्हाराजाचा अभंग हाय ओ बाई ह्यो?” मी म्हटलं, टिळकांचा. तर म्हणाल्या, “लोकमान्य अभंग बी लिवायचे व्हय?”

आज साडेआठला मोबाईल घेऊन गच्चीवर बसणार आहे. मोटर नाही, पण शेजारी लग्न आहे.

एक राहिलं. जिंगल बेल्सच्या वेळी भात्यानं पूर्णच राम म्हटला. लातुरात पेटी दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का?

जालन्याची_मावशी · २४ डिसेंबर, सायंकाळी ७:०५

तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा, त्या सुरुवात करणारीला. आणि त्या आजीबाईंना दुसरे टिळक कोण ते सांगितलंत की नाही? लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचून दाखवा एखाद्या दुपारी, मोठ्यानं. हसून लोळतील.

आता आमचं कॅरल निघायचंय, उद्या बोलू.

रात्रपाळीची_लाईट · २४ डिसेंबर, सायंकाळी ७:४०

पेटीसाठी गंजगोलाईत विचारा, तिथं नाही कुणी भेटलं तर भजनी मंडळवाल्यांना विचारा, त्यांच्या पेट्या कुठंतरी जातातच. माझी लाईट आज दिवसाची होती. साडेआठला मोकळा आहे.