थरारक आणि साहसी कादंबऱ्या : अलीकडे काय वाचलंत?

पानखूण
बाबांची नजर फार अधू झालीये, म्हणून रात्री मी त्यांना वाचून दाखवते. गेल्या महिन्यात ‘द डे ऑफ द जॅकल’ काढलं, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या मारेकऱ्याची, जॅकलची गोष्ट. कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलं होतं, पुढे काय, पुढे काय करत नुसती पळत सुटले होते. मोठ्याने वाचताना एकही ओळ गाळता येत नाही. बाबा जन्मभर फिटर. बंदूक तयार होते त्या प्रकरणात त्यांनी मला तीनदा थांबवलं. “नळ्यांचं परत वाच.” सुटी करून कुबडीत लपवता येईल अशी ती बंदूक. बाबांनी हवेतच बोटांनी एकेक भाग जोडून बघितला, मग म्हणाले, “हां, आता बसलं.”

शेवट तर आधीपासून ठाऊक. गोष्ट १९६३ची, पुस्तक आलं १९७१ला, आणि द गॉल १९७०मध्ये आपल्या घरीच वारले. म्हणजे बेत फसणार हे नक्की. तरी शेवटच्या प्रकरणात माझा आवाज कापत होता. लेखक फोर्साइथ आधी पॅरिसमध्ये रॉयटर्सचा बातमीदार होता, ते पानोपानी जाणवतं. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतो तो भाग तर! मला आता ‘कसं जमवणार’ याचाच थरार जास्त वाटतो.

तुम्ही काय वाचलंत? आवडलेलं, न आवडलेलं, दोन्ही लिहा.

निशाचर
जॅकल!!! ते कलिंगड!! झाडाला टांगून नेम जुळवतो, एकेक गोळी झाडून दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो... आणि मग ती शेवटची खास गोळी. त्या पानावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

रेवा_म
कपड्यांचं मशीन लागलंय तोवर लिहिते. लागोपाठ तीन नवीन थ्रिलर वाचले, तिन्ही गंडलेले. दर तीन पानांनी प्रकरण संपतं, दर प्रकरणाला धक्का, आणि निवेदिकेला नेमकं महत्त्वाचं तेवढं आठवत नाही. दोनशे पानं लपवायचं आणि शेवटच्या वीस पानांत कुणीतरी बसून सगळं सांगून टाकायचं. वाचणाऱ्याने जीव लावलेला असतो हो, राग येतो.

सुमेध
+१ रेवा. अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३९मध्ये ‘अँड देन देअर वेअर नन’मध्ये दहा माणसं एका बेटावर नेऊन ठेवली, सगळं आपल्या डोळ्यांदेखत, तरी पत्ता लागत नाही.

आरतीची_आई
लेकीबरोबर ज्यूल व्हर्नचं ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ वाचून झालं. शेवटी नायकाचा, फॉगचा, एक दिवस जास्तीचा निघतो ना, ते तिला पटेचना. मग दिवा लावला, चेंडूला टिकली चिकटवली आणि ती टिकली पूर्वेकडे सरकवत नेली. ऐंशी वेळा सूर्य डोक्यावर आला त्याच्या, लंडनमध्ये बसलेल्यांच्या मात्र एकोणऐंशी वेळाच. दोन मिनिटं गप्प, मग एकदम, “म्हणजे त्याने तो रोज थोडा थोडा साठवला!” मला इतकं नीट कधी सांगता आलं नसतं.

निशाचर
वा! शाबास म्हणावं तिला. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न आपल्यापर्यंत पोचला, फास्टर फेणे तर त्यांचा स्वतःचाच. आता तिला तो द्या.

वाटसरू७
पॅपिलॉन. बेटावरच्या तुरुंगातून पळणाऱ्या फ्रेंच कैद्याने स्वतःच सांगितलेली गोष्ट. रवींद्र गुर्जरांचा अनुवाद, चौथ्यांदा. दर वेळी त्या खडकाशी थांबतो. खाली समुद्र आपटतोय, हा बसून लाटा मोजतोय, दर सातवी लाट मोठी, परत जाताना ओढून नेणारी. मग नारळांनी भरलेलं पोतं घेऊन तिच्यावर उडी.

सुमेध
त्यातलं बरंच त्याचं स्वतःचं नाही, इतरांच्या हकिकती आहेत म्हणतात. मला ते कळल्यावर फार वाईट वाटलं होतं. आत्मचरित्र म्हणून वाचलं होतं मी.

वाटसरू७
ऐकून आहे. मलाही खुपतं ते. पण आजारपणात दोन महिने अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा त्या माणसाने मला उठून बसवलं, ते तर माझं खरं आहे ना.

रेवा_म
वाटसरू 🙏 आता बरे आहात ना?

वाटसरू७
हो हो, ठणठणीत.

कुंदा
अ‍ॅलिस्टर मॅक्लीनच्या ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’मधलं नॅव्हरोन बेट मी नकाशात शोधलं होतं, भिंग घेऊन! बेट कल्पित आहे हे फार उशिरा कळलं. मॅक्लीन युद्धात नौदलात होता, त्यामुळे थंडी, ओले दोर, बधिर बोटं हे त्याने लिहावं. कडा चढतात त्या प्रकरणात माझ्याच मुठी आवळलेल्या असायच्या.
पानखूण, बाबांच्या डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर गं? मोतीबिंदू की पडदा?

पानखूण
पडदा आहे कुंदाताई. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. त्यामुळे अक्षरं गेली.

कुंदा
माझ्या सासऱ्यांचंही तेच होतं. त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही, आता राहून राहून वाटतं. तू वाचतेस ते फार चांगलं करतेस गं.

अण्णा_जोग
बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा कोणी वाचतं का अजून? झुंजार, काळा पहाड? आमची पिढी त्यांच्यावर वाचायला शिकली. सविस्तर रात्री लिहितो.

पानखूण
अण्णा, नक्की लिहा. अर्नाळकर म्हटल्यावर बाबा उठूनच बसले, झुंजारचं म्हणे त्यांना वेड होतं.
आणि वाटसरू, बाबांना सातव्या लाटेचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “किती दिवस मोजल्या असतील त्याने?” आज रात्रीपासून पॅपिलॉन.